तीन तास पंधरा मिनिटे : एका न्यूट्रिनोच्या उगमाचा शोध

१/
२२ सप्टेंबर २०१७. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्रीचे ८ वाजून ५४ मिनिटे. भारतात मध्यरात्र उलटून २ वाजून २४ मिनिटे झाली होती. दक्षिण ध्रुवावरील बर्फाच्या पोटात, जिथे सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही, निळसर उजेडाची एक रेषा क्षणार्धात उमटली आणि विझली. अवघ्या ४३ सेकंदांत जगभरच्या वेधशाळांना एक स्वयंचलित संदेश गेला : आकाशाच्या अमुक दिशेला पाहा. १९१२ पासून अनुत्तरित राहिलेल्या एका प्रश्नाच्या तपासात त्या संदेशाने नवे पान उघडले. त्या पानावर क्ष-किरणांनी काय लिहिले, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
प्रश्न समजण्यासाठी १०५ वर्षे मागे जावे लागते. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर गेला. जमिनीपासून जितके वर जावे तितके किरणोत्सर्गाचे प्रमाण वाढते, असे त्याच्या उपकरणांनी दाखवले. म्हणजे हे किरण पृथ्वीबाहेरून येत होते. हेच विश्वकिरण. ते मुख्यतः प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रके असतात, हे पुढे कळले. त्यांतील काहींची ऊर्जा मानवनिर्मित कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरची असते. हेस यांना १९३६ चे नोबेल मिळाले. पण हे कण इतक्या वेगाने फेकतो कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

३/
अडचण साधी आणि कठोर होती. प्रोटॉनवर विद्युतभार असतो आणि अवकाशात सर्वत्र चुंबकीय क्षेत्रे पसरलेली आहेत. त्यांतून वळत-भरकटत आलेला प्रोटॉन पृथ्वीवर पोहोचतो तेव्हा त्याची दिशा पाहून त्याचे मूळ गाव सांगता येत नाही. टपालाचा शिक्का पुसला गेलेल्या पत्रासारखी त्याची अवस्था असते : पत्र हातात आहे, ते कुठून निघाले हे मात्र वाचता येत नाही. उगम शोधायचा तर विद्युतभार नसलेला, सरळ रेषेत येणारा आणि प्रोटॉनच्या जन्मस्थळीच जन्मणारा दूत हवा होता.

४/
असा दूत कागदावर १९३० मध्येच अवतरला होता. वोल्फगांग पाउली यांनी किरणोत्सर्गातील ऊर्जेचा हिशेब जुळवण्यासाठी एका अदृश्य, भाररहित कणाची कल्पना मांडली. तोच न्यूट्रिनो. तो द्रव्याशी इतका क्वचित प्रतिक्रिया करतो की प्रत्यक्ष पकडायला २६ वर्षे लागली. १९५६ मध्ये फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ तो टिपला. १९६० मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मोइसेई मार्कोव्ह यांनी सुचवले की खोल सरोवर किंवा समुद्र हेच शोधयंत्र म्हणून वापरावे. न्यूट्रिनो पाण्यात आदळला की निघणारा प्रकाश टिपायचा, अशी ती कल्पना होती.

५/
या इतिहासातील एक मानाचे पान भारतात लिहिले गेले. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील विद्यापीठांसह शोधयंत्रे बसवली. वरच्या खडकात इतर कण अडत आणि न्यूट्रिनोंच्या खुणा वेगळ्या ओळखता येत. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम आणि रामनमूर्ती ही या प्रयोगातील भारतीय नावे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत राइन्स यांचा गट हेच काम करत होता. दोन्ही गटांचे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले.

६/
कोलारमध्ये सापडलेले न्यूट्रिनो दूरच्या दीर्घिकांतून आलेले नव्हते. विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणावर आदळल्यावर हवेतच ते जन्मले होते. निसर्गनिर्मित न्यूट्रिनोंचे ते पहिले दर्शन असल्यामुळे त्याचे मोल मोठे होते. पुढे मात्र हेच वातावरणीय न्यूट्रिनो खगोलशास्त्रज्ञांची डोकेदुखी ठरले. दूरवरून आलेला एक न्यूट्रिनो हवा असताना घरच्याच अंगणात जन्मलेले हजारो समोर येत. १९६५ चा अभिमानास्पद शोध २०१७ मध्ये गोंगाट म्हणून परत भेटणार होता. ही गोष्ट पुढील कथेसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

७/
त्याच दशकात दुसरी वाट उघडली. तारे आणि दीर्घिका यांपासून येणारे क्ष-किरण वातावरणात शोषले जातात. ते पाहायचे तर हवेबाहेर जाणे भाग असते. १८ जून १९६२ रोजी न्यू मेक्सिकोतून एक अग्निबाण सुटला. रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाला चंद्रावरून येणारे क्ष-किरण टिपायचे होते. वर मिळालेल्या जेमतेम सहा मिनिटांत सापडले ते भलतेच : वृश्चिक तारकासमूहातील एक तेजस्वी स्रोत. सूर्यमालेबाहेरचा क्ष-किरणांचा तो पहिला ज्ञात स्रोत होय. जिथे द्रव्य प्रचंड तापते किंवा कण अफाट वेग घेतात तिथून क्ष-किरण येतात, हे हळूहळू स्पष्ट झाले.

८/
दोन्ही वाटा एकाच माणसाच्या आयुष्यातही भेटल्या. कोलारच्या प्रयोगातील बी. व्ही. श्रीकांतन यांनी पुढे बलूनच्या साहाय्याने भारतात क्ष-किरण खगोलशास्त्राची पायाभरणी केली. २००२ मध्ये तर नोबेल समितीनेच या दोन वाटा शेजारी ठेवल्या. त्या वर्षीच्या भौतिकशास्त्राच्या पारितोषिकाचा अर्धा भाग विश्वातील न्यूट्रिनो टिपल्याबद्दल रेमंड डेव्हिस आणि मासातोशी कोशिबा यांना मिळाला, उरलेला अर्धा क्ष-किरण स्रोतांच्या शोधाबद्दल जियाकोनी यांना. त्या दिवशी या दोन शाखा केवळ सन्मानात एकत्र आल्या होत्या. आकाशातील एकाच ठिकाणी त्या भेटायला आणखी १५ वर्षे जायची होती.

९/
कोशिबा यांच्या सन्मानामागे २३ फेब्रुवारी १९८७ ची घटना होती. आपल्या दीर्घिकेच्या शेजारच्या मोठ्या मॅजेलनी मेघात एका ताऱ्याचा स्फोट झाला. जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघ येथील शोधयंत्रांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो टिपले, तेही स्फोटाचा प्रकाश पोहोचण्याच्या काही तास आधी. त्याच महिन्यात प्रक्षेपित झालेल्या जपानच्या गिंगा उपग्रहाने काही महिन्यांनी तेथून येणारे क्ष-किरणही नोंदवले. पण हा सुपरनोव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, त्यामुळे उगम शोधण्याची गरजच पडली नाही. शिवाय त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा कमी होती. विश्वकिरणांचे मूळ सांगणारे न्यूट्रिनो त्यांच्याहून लाखो पटींनी ऊर्जावान असायला हवे होते.

१०/
असे न्यूट्रिनो अतिशय दुर्मिळ. त्यांच्यासाठी घन किलोमीटरभर पारदर्शक द्रव्य लागते, असा हिशेब निघाला. हवाईजवळच्या समुद्रातील डूमांड हा प्रकल्प १९९५ मध्ये गुंडाळावा लागला. रशियातील बैकाल सरोवरात काम चालू राहिले. तिसरा पर्याय होता अंटार्क्टिकाचा बर्फ. फ्रान्सिस हाल्झेन आणि सहकाऱ्यांनी आधी अमांडा आणि मग आइसक्यूब उभारले. गरम पाण्याने बर्फात विहिरी खणून त्यांत ८६ तारा सोडण्यात आल्या. त्यांवर १,४५० ते २,४५० मीटर खोलीपर्यंत ५,१६० प्रकाशसंवेदक बसले. डिसेंबर २०१० मध्ये हे काम पूर्ण झाले.

११/
न्यूट्रिनो बर्फातील अणुकेंद्रकावर आदळला की कधी म्यूऑन नावाचा कण निर्माण होतो. बर्फात प्रकाशाचा जो वेग असतो त्याहून हा म्यूऑन वेगाने धावतो आणि मागे निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश सोडतो. कोणत्या संवेदकाला प्रकाश किती नॅनोसेकंद आधी लागला यावरून म्यूऑनची, म्हणजे जवळपास न्यूट्रिनोचीच, दिशा काढता येते. अशा लांब रेषेची दिशा साधारण एका अंशापर्यंत अचूक कळते. इतर प्रकारच्या टकरींत प्रकाशाचा गोळा तयार होतो. त्यात ऊर्जा नीट मोजता येते, दिशा मात्र १० अंशांनीही चुकू शकते. उगम शोधायला रेषाच उपयोगाच्या.

१२/
२०१३ मध्ये आइसक्यूबने पहिले यश जाहीर केले. आधी दोन घटना आल्या, प्रत्येकी सुमारे एक हजार लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या. शास्त्रज्ञांनी त्यांना लहान मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेतील बर्ट आणि अर्नी ही नावे दिली. नोव्हेंबरमध्ये अशा २८ घटनांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सौरमालेबाहेरून अतिऊर्जावान न्यूट्रिनो येतात हे आता पक्के झाले. पण ते सर्व दिशांनी विखुरलेले होते. पत्रे मिळाली होती, त्यांवर दिशाही होती, तरी एकाही पत्त्यावरचे घर सापडले नव्हते.

१३/
कारण दिशा अंशभर अचूक असणे म्हणजे काय, हे आकाशाकडे पाहिल्यावर कळते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा. एका अंशाच्या चौकोनात असे चार-पाच चंद्र मावतात आणि मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तर त्यात हजारो दीर्घिका असतात. त्यांपैकी कोणती? नेहमीच्या प्रकाशात सगळ्याच लुकलुकतात. क्ष-किरणांत मात्र बहुतेक साध्या दीर्घिका मंद दिसतात आणि जिथे काही उग्र घडत आहे तीच ठिकाणे उठून दिसतात. संशयितांची यादी हजारांवरून दहा-बारांवर आणण्याचे सामर्थ्य क्ष-किरणांत होते.

१४/
या पद्धतीला पूर्वपीठिका होती. १९६७ मध्ये अमेरिकेच्या वेला या हेरगिरी उपग्रहांना अवकाशातून आलेले गॅमा किरणांचे स्फोट दिसले. ते किती दूर घडतात यावर ३० वर्षे वाद चालला, कारण जागा नेमकी कळत नव्हती. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने अशा एका स्फोटानंतर काही तासांतच आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली आणि विझत चाललेली राख पाहिली. जागा मिळाली, मग प्रकाशीय दुर्बिणी वळल्या. हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांत होतात हे त्याच वर्षी सिद्ध झाले. त्वरेने वळा, क्ष-किरणांत पाहा, मग इतरांना बोलवा : हा धडा तेव्हापासूनचा.

१५/
तो धडा यंत्रात उतरला २० नोव्हेंबर २००४ रोजी. नासाचा स्विफ्ट उपग्रह गॅमा किरणांच्या स्फोटांसाठी बनला होता. नील गेरेल्स त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ. तो काही मिनिटांत स्वतःहून वळू शकतो. त्यावरील क्ष-किरण दुर्बीण अमेरिका, इंग्लंड आणि इटली येथील संस्थांनी मिळून उभारली. तिची नजर अचूक, पण अरुंद आहे : एका वेळी अंशाच्या जेमतेम ०.४ इतका तुकडा दिसतो. न्यूट्रिनोचे संभाव्य क्षेत्र त्याहून मोठे. म्हणून फरशा बसवाव्यात तशी शेजारीशेजारी निरीक्षणे घेण्याची युक्ती काढली गेली. आधी सात फरशांची, नंतर १९ फरशांची.

१६/
पहिली वर्षे निराशेची गेली. मार्च २०११ ते ऑगस्ट २०१४ या काळात आइसक्यूबच्या २० इशाऱ्यांवर स्विफ्ट वळला, बहुधा पाच तासांच्या आत. एकाही वेळी न्यूट्रिनोचा खात्रीशीर जोडीदार मिळाला नाही. अडचण रिकाम्या आकाशाची नव्हती, उलट भरलेल्या आकाशाची होती. जिथे पाहावे तिथे यादीत नसलेला एखादा क्ष-किरण स्रोत निघेच. १९९०-९१ मध्ये रोसॅट उपग्रहाने संपूर्ण आकाशाची पाहणी केली होती, पण तिच्यात मंद स्रोत आलेले नव्हते. मग आज दिसलेला ठिपका नवा भडकलेला की कायम तिथेच असलेला, हे ठरवायचे कशावरून? नोंदच नसेल तर बदल सिद्ध होत नाही. जुन्या दप्तरातील गहाळ पानांमुळे इतिहासकार जिथे अडतो, तिथेच खगोलशास्त्रज्ञही अडले होते.

१७/
योगायोग किती फसवा असतो याचा पाठ ३० मार्च २०१२ च्या घटनेने दिला. एकाच दिशेने दोन न्यूट्रिनो आले. दुर्बिणी वळल्या तर तिथे खरोखरच एक सुपरनोव्हा होता. सगळे जुळल्यासारखे वाटत असताना जुनी छायाचित्रे तपासण्यात आली. तो स्फोट न्यूट्रिनो येण्याच्या निदान पाच महिने आधीच घडून गेलेला निघाला. संबंध सिद्ध होऊ शकला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये १०० सेकंदांच्या आत तीन न्यूट्रिनो एकाच भागातून आले; स्विफ्टसह अनेक वेधशाळांनी पाहिले, पण कोणताही नवा भडका सापडला नाही.

१८/
एप्रिल २०१६ पासून आइसक्यूबने एकेका महत्त्वाच्या न्यूट्रिनोचा इशारा तत्काळ आणि सर्वांसाठी खुला केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये नील गेरेल्स यांचे निधन झाले. पुढे उपग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आला तो २२ तारखेचा न्यूट्रिनो. त्याची ऊर्जा अंदाजे २९० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट होती, म्हणजे तेव्हा जिनिव्हाच्या महायंत्रातील एका प्रोटॉनच्या सुमारे ४५ पट. रेषा सुरेख होती, संभाव्य क्षेत्र एका चौरस अंशाहून किंचित कमी. पण तो विश्वातून आलेला असण्याची शक्यता ५६.५ टक्के इतकीच होती. उरलेल्या शक्यतेत तो कोलारच्या जातीचा, पृथ्वीच्याच हवेत जन्मलेला ठरत होता.

१९/
इशाऱ्यानंतर ३ तास १५ मिनिटांनी स्विफ्टने पहिली फरशी बसवली. प्रत्येकी सुमारे ८०० सेकंद, अशी १९ निरीक्षणे झाली. त्या तुकड्यात क्ष-किरणांचे नऊ स्रोत दिसले. नऊही आधी ठाऊक असलेल्या वस्तूंशी जुळणारे होते. त्यांतील एकाचे नाव होते टीएक्सएस ०५०६+०५६. ही अक्षरे टेक्सासमधील रेडिओ पाहणीवरून आलेली. न्यूट्रिनोच्या अंदाजित दिशेपासून तो अंशाच्या दहाव्या भागाहूनही जवळ होता. यादी लगेच प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्याच्यावर पुढे जगाचे लक्ष खिळणार होते, त्याचे नाव पहिल्याच पंचनाम्यात होते. त्याच्याकडे बोट दाखवणारा साक्षीदार तेवढा यायचा होता.

२०/
तो साक्षीदार २८ सप्टेंबरला आला. फर्मी उपग्रहाच्या गटातील जपानी शास्त्रज्ञ यासुयुकी तानाका यांच्या लक्षात आले की हाच स्रोत गॅमा किरणांत नेहमीपेक्षा कितीतरी तेजस्वी झाला आहे. काही दिवसांत ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणींनी त्याहूनही ऊर्जावान गॅमा किरण नोंदवले. मृगातील बेलाट्रिक्स ताऱ्याच्या पश्चिमेस असलेला हा ठिपका म्हणजे एक ब्लेझार आहे : केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवर असलेली दीर्घिका, जिचा कणांचा झोत नेमका पृथ्वीच्या दिशेने रोखलेला आहे. त्याचे अंतर पुढे स्पेनच्या मोठ्या दुर्बिणीने मोजले : सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे. तो न्यूट्रिनो निघाला तेव्हा पृथ्वीवरील जीवन अगदी प्राथमिक अवस्थेत होते.

२१/
वार्ता जगभर गाजली ती गॅमा किरणांच्या भडक्यामुळे. पण भडका दिसणे आणि तिथूनच न्यूट्रिनो आला असे म्हणणे यांत अंतर आहे. ते अंतर मोजायला पुन्हा क्ष-किरणच लागले. स्विफ्ट पुन्हा त्या ब्लेझारकडे वळला आणि वारंवार पाहत राहिला. अधिक ऊर्जेचे क्ष-किरण टिपणारा न्यूस्टार उपग्रहही सोबतीला आला. त्यांची मोजणी कशासाठी महत्त्वाची, हे समजायला न्यूट्रिनोच्या जन्माची रीत पाहावी लागते.

२२/
वेगवान प्रोटॉन प्रकाशकणांवर आदळले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण जन्मतात. विद्युतभार असलेल्या पायॉनांपासून न्यूट्रिनो निर्माण होतात, भार नसलेल्यांपासून गॅमा किरण. दोघे एकाच टकरीची अपत्ये असल्याने त्यांच्या ऊर्जेचे प्रमाण ठरलेले असते. न्यूट्रिनो सरळ निघून जातात. अतिऊर्जावान गॅमा किरण मात्र तिथल्याच दाट प्रकाशात अडकतात, त्यांचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतात, त्यांतून पुन्हा कमी ऊर्जेचे किरण निघतात. ही उतरंड अखेर मोठ्या प्रमाणात क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे न्यूट्रिनोंच्या निर्मितीचा खर्च क्ष-किरणांच्या वहीत नोंदला जातो.

२३/
या ब्लेझारच्या प्रकाशाचा आलेख दोन टेकड्यांसारखा आहे आणि त्यांच्यामधली दरी नेमकी क्ष-किरणांत पडते. तिथे जर न्यूट्रिनोनिर्मितीची राख साठली असती तर दरी भरून आली असती. आझादेह केइवानी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्विफ्ट आणि न्यूस्टारच्या मोजणीवरून हा हिशेब मांडला. दरी खोलच होती. त्यामुळे त्या भडक्यात आइसक्यूबला अपेक्षित असलेल्या न्यूट्रिनोंची संख्या एकाहून पुष्कळ कमी निघाली. असे असंख्य ब्लेझार आकाशात आहेत, त्यांतील एखाद्याची सोडत लागावी तसे हे घडले असेल, एवढेच म्हणता येत होते. ज्या क्ष-किरणांनी संशयिताचे नाव पहिल्या यादीत आणले, त्यांनीच आरोपाला मर्यादा घातली.

२४/
१३ जुलै २०१८ च्या सायन्स नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. पहिल्यानुसार न्यूट्रिनो आणि भडका यांची गाठ केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास होती. भौतिकशास्त्रात शोध म्हणण्यासाठी ती लाखो पटींत एक अशी असावी लागते. दुसऱ्यासाठी आइसक्यूबने जुने दप्तर उघडले. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या सुरुवातीस त्याच दिशेने अपेक्षेपेक्षा सुमारे १३ न्यूट्रिनो अधिक आले होते. पुरावा वाढला, कोडेही वाढले : त्या महिन्यांत गॅमा किरणांत भडका नव्हता. आणि क्ष-किरणांत? तेव्हा त्या ब्लेझारकडे संवेदनशील दुर्बिणी नियमित पाहतच नव्हत्या. हिशेबाच्या वहीतील नेमके तेच पान कोरे राहिले आहे.

२५/
दुसरा संशयित अगदी वेगळ्या स्वभावाचा निघाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आइसक्यूबने एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या दिशेने सुमारे ७९ अधिक न्यूट्रिनो आल्याचे जाहीर केले. हा योगायोग असण्याची शक्यता लाखात एक. तिमिंगल तारकासमूहातील ही दीर्घिका १७८० मध्ये पिएर मेशाँ यांनी पाहिली होती आणि १९४३ मध्ये कार्ल सेफर्ट यांनी तिच्या तेजस्वी केंद्राचा अभ्यास केला होता. ती सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे तुलनेने शेजारीच आहे. अतिऊर्जावान गॅमा किरणांत मात्र ती जवळजवळ मूक आहे. तिथे जन्मलेले गॅमा किरण बाहेर येतच नसावेत.

२६/
तिच्या केंद्राभोवती वायू आणि धूळ यांची इतकी जाड भिंत आहे की तेथील बहुतेक क्ष-किरणही थेट पोहोचत नाहीत. तरी परावर्तित क्ष-किरण आणि न्यूस्टारची निरीक्षणे यांवरून कळते की भिंतीमागे कृष्णविवराजवळ क्ष-किरणांचा प्रखर तप्त प्रभामंडल आहे. आज अनेक शास्त्रज्ञांच्या मते न्यूट्रिनो तिथेच घडतात. तिथला दाट क्ष-किरणप्रकाश प्रोटॉनना आदळायला लक्ष्य पुरवतो आणि गॅमा किरणांना गिळतोही. त्यामुळे शोधाची दिशा बदलली. भडकणारे ब्लेझार बाजूला ठेवून क्ष-किरणांत मूळचेच तेजस्वी असलेल्या सेफर्ट दीर्घिकांच्या याद्या करून न्यूट्रिनोंशी ताडून पाहण्याचे काम आता चालू आहे.

२७/
खटला अजून निकाली निघालेला नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळच्या समुद्रतळावरील केएम३नेट या शोधयंत्राने आजवरचा सर्वाधिक ऊर्जावान न्यूट्रिनो टिपला, २०१७ च्या न्यूट्रिनोच्या शेकडो पट ऊर्जेचा. त्याच्या दिशेला अनेक ब्लेझार आहेत, पण एकावरही निश्चित बोट ठेवता आलेले नाही. हेस यांच्या बलूनला शतक उलटून गेले तरी विश्वकिरणांच्या उगमांची यादी एक-दोन नावांपलीकडे जात नाही, आणि त्या नावांपुढेही प्रश्नचिन्ह आहे.

२८/
एक बदल मात्र निर्णायक ठरू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये चीनने आइन्स्टाइन प्रोब हा उपग्रह सोडला. झिंग्याच्या डोळ्याच्या रचनेवर बेतलेली त्याची क्ष-किरण दुर्बीण एका वेळी सुमारे ३,६०० चौरस अंश आकाश पाहते. स्विफ्टला न्यूट्रिनो येऊन गेल्यावर धावत जावे लागते. विस्तीर्ण नजरेच्या उपग्रहाकडे मात्र न्यूट्रिनो येण्याआधीच्या दिवसांचीही नोंद असू शकते. २०१४-१५ मधील कोरे पान आता भरता येणार नाही. पुढचा न्यूट्रिनो येईल तेव्हा वही उघडी आणि लिहिलेली असावी, यासाठीच आकाशाची ही रोजची पाहणी चालू आहे.

(समाप्त)
#विज्ञानाचा_इतिहास #न्यूट्रिनो #खगोलशास्त्र